न बोलावलेल्या परीची कैफियत

परीकथेतील दुष्ट पात्राला स्वभाव असतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु ज्यांनी या कथा त्यांच्या जुन्या रूपांत वाचल्या आहेत त्यांना ठाऊक आहे की, तेथे दुष्टता असते, तिचे परिणाम असतात, अखेरीस तिला शासनही होते, मात्र ज्याला आपण व्यक्तिमत्त्व म्हणतो, म्हणजे इच्छा, स्मृती, भय, लज्जा आणि पश्चात्ताप यांच्या परस्परसंबंधांतून उभे राहणारे अंतरंग, ते तेथे जवळजवळ कधीच आढळत नाही. हे अंतरंग चित्रपटाने निर्माण केले. ते त्याने कोणत्या साधनांनी निर्माण केले, त्यात मनोव्यापाराचे सत्य किती आणि सोयीस्कर समर्थन किती, आणि ज्या पात्राचा स्वभाव पालटला त्याच्याबरोबर कथेतील बाकीच्या पात्रांचे काय झाले, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे. त्यासाठी मी मुख्यतः एकच पात्र निवडले आहे: निद्रिस्त राजकन्येला पाळण्यात शाप देणारी परी. तिच्या इतके दीर्घ आणि सलग स्थित्यंतर दुसऱ्या कोणत्याही परीकथेतील खलपात्राच्या वाट्याला आलेले नाही, आणि त्या स्थित्यंतराचा प्रत्येक टप्पा आपल्यापुढे तपासण्याजोगा उपलब्ध आहे.

कथेच्या युरोपीय परंपरेत मागे जाऊ लागलो की पहिली आश्चर्याची गोष्ट हाती लागते ती ही की, ही परी तेथे नेहमीच होती असे नाही. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बासिलेचा कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते १६३६ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील तालियाच्या कथेत शाप कोणीच देत नाही, पंडितांनी वर्तविलेले भविष्य तेवढे असते, आणि जवसाच्या तंतूतील कुसळ नखात शिरून मुलगी निश्चेष्ट पडते. पुढे एक विवाहित राजा त्या अरण्यातील वाड्यात येतो आणि त्या निश्चेष्ट देहावर अत्याचार करून निघून जातो. कथा त्याला या कृत्याचा जाब विचारीत नाही, तर दुष्टतेचा सारा भार त्याच्या मत्सरी पत्नीच्या माथी टाकून तिलाच आगीत लोटते. झोपेत झालेल्या या अत्याचाराची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पावणेचारशे वर्षांनंतर ती अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा वर येणार आहे.

शाप देणारी परी तिच्या परिचित रूपात दिसते ती फ्रान्सच्या शार्ल पेरोच्या १६९७ च्या संग्रहात. राजाने सात पऱ्यांना नामकरणाचे आमंत्रण दिले आणि त्यांच्यासाठी सोन्याच्या पेट्यांतून भोजनाची सोन्याची साधने घडविली. आठवी एक वृद्ध परी पन्नासहून अधिक वर्षे आपल्या बुरुजातून बाहेर पडली नव्हती, म्हणून ती मेली असावी किंवा मंत्रबद्ध झाली असावी असे धरून तिला कोणी बोलाविलेच नाही. ती आली, तिला आसन मिळाले, परंतु सोन्याची पेटी मिळाली नाही, कारण पेट्या सातच घडविल्या होत्या. ग्रिम बंधूंच्या संग्रहात तेरा शहाण्या स्त्रिया आणि सोन्याची ताटे बारा, एवढाच काय तो फरक. दोन्ही ठिकाणी ती शाप देते आणि कथेतून कायमची निघून जाते. पुढे काय झाले हे पाहावयासदेखील ती परत येत नाही. पेरोच्या कथेत तर चातीवर सूत काढीत बसलेली म्हातारी ही कोणी वेगळीच निरपराध बाई आहे; राजाच्या मनाईचा हुकूम तिच्या कानांवर गेलेला नाही, इतकेच. तेव्हा आज जिला आपण कथेची मुख्य खलनायिका समजतो तिचे मूळ कथेतील अस्तित्व अवघ्या काही वाक्यांचे आहे, आणि त्या वाक्यांत मनोविश्लेषणाला उपयोगी असे एकच तथ्य आहे: तिचा मानभंग झाला.

परंतु हे तथ्य क्षुल्लक नाही. पाळण्याशी येऊन बालकाचे भवितव्य ठरविणाऱ्या दैवी स्त्रियांची कल्पना पुष्कळ समाजांत आहे. आपल्याकडे पाचवीच्या किंवा षष्ठीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडून सटवाईची पूजा करताना ज्या आस्थेने काही उणे राहू नये म्हणून जपतात, त्या आस्थेच्या मुळाशी असलेले भय आणि राजाच्या ताटांच्या हिशेबात चुकलेल्या एका ताटाचे भय एकाच जातीचे आहे. बालकाच्या जन्माने जो आनंद होतो त्यात कोणीतरी वगळले गेले आहे, आणि जे वगळले गेले ते सूड घेईल, ही ती धास्ती होय. युंगच्या परंपरेतील मारी-लुइझ फॉन फ्रान्झ या विदुषीने या विसरलेल्या परीत उपेक्षित राहिलेल्या स्त्रीतत्त्वाचे दर्शन घेतले. मनाच्या ज्या अंगाला आपण दरबारात स्थान नाकारतो ते नाहीसे होत नाही, तर उग्र होऊन परत येते, हा तिच्या म्हणण्याचा रोख.

ब्रूनो बेटलहाइम याने १९७६ साली परीकथांवरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात निराळी दिशा धरली. लहान मुलाला एकच आई कधी प्रेमळ आणि कधी रागावलेली अशी दिसते, आणि हा विरोध त्याच्या कोवळ्या मनाला पेलत नाही; म्हणून कथा त्या एका आईचे दोन तुकडे करते, एक दिवंगत सुमाता आणि दुसरी जिवंत सावत्र आई, आणि मुलाला दुसरीचा निःशंकपणे द्वेष करण्याची मुभा देते. बेटलहाइमच्या सर्व निष्कर्षांना मान्यता देता येणार नाही, परंतु या एका मुद्द्याला ग्रिम बंधूंच्या दफ्तरातूनच पुरावा मिळतो. हिमगौरीच्या कथेच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत संपादकांनी सख्ख्या आईला आरंभीच मृत्यू दिला आणि खलत्व सावत्र आईकडे सोपविले. मनाने करावयाचे विभाजन येथे लेखणीने केलेले आपल्याला दिसते. मेलनी क्लाइन हिने या विभाजनाची उपपत्ती बेटलहाइमच्या कितीतरी आधी मांडली होती, आणि तिच्या विचारातील पुढचा भाग आपल्या विषयाला अधिकच मोलाचा आहे: जिचा मी द्वेष केला आणि जिच्यावर मी प्रेम करतो ती एकच आहे हे जेव्हा बालकाला उमगते, तेव्हा त्याच्या मनात अपराधभाव जागा होतो, आणि केलेली हानी भरून काढण्याची ओढ त्या अपराधभावातून निर्माण होते.

माझ्या मते चित्रपटातील या परीचे स्थित्यंतर समजून घेण्याची किल्ली येथे आहे. तिला पूर्वेतिहास मिळाला म्हणून ती व्यक्ती झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मला ती अपुरी वाटते. दोन ठिकाणी वाटून ठेवलेले मन जेथे पुन्हा एका देहात आले, तेथेच ती व्यक्ती झाली. आणि जेथे केवळ जखमेचा दाखला जोडला गेला, तेथे विभाजन जसेच्या तसे राहून फक्त पात्रांची अदलाबदल झाली.

चित्रपटाकडे येण्यापूर्वी रंगभूमीवरील एका दुव्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. १८९० च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात चायकोव्हस्कीच्या संगीतावर आणि पेतिपाच्या नृत्यरचनेवर ही कथा बॅले म्हणून उभी राहिली. कॅराबॉस या दुष्ट परीची भूमिका एन्रिको चेकेत्ती या पुरुष नर्तकाने केली. आमंत्रितांच्या यादीतून तिचे नाव गाळणाऱ्या दरबारी कारभाऱ्याचे केस ती उपटते, त्यात विनोद आहे, भयही आहे, परंतु अंतरंग नाही. तरीही बॅलेने एक महत्त्वाचे काम केले: शाप देऊन नाहीशी होणारी परी त्याने पुढील अंकांतही हजर ठेवली. आपल्या कृत्याची फळे पाहण्यासाठी जी थांबते, तिच्याविषयीच हिला काय वाटत असेल असा प्रश्न प्रेक्षक विचारू शकतो.

डिस्नेच्या संस्थेचा १९५९ चा चित्रपट हा त्या प्रश्नाचा पहिला गंभीर विचार होय, जरी त्याच्या कर्त्यांना तसे म्हणवले नसते. शिंगांचे शिरोवेष्टन, ज्वाळांसारख्या कडांचा काळा झगा आणि खांद्यावर डोमकावळा असे तिचे रूप मार्क डेव्हिस या चित्रकाराने सिद्ध केले. राजकन्या ऑरोरा आणि तिला शाप देणारी मॅलेफिसंट या दोघींची हालचाल रेखाटण्याची मुख्य जबाबदारी त्याच्यावरच होती, ही गोष्ट मला अत्यंत सूचक वाटते. तिला वाणी दिली ती एलिनर ऑडली या अभिनेत्रीने. सिंड्रेलाच्या १९५० च्या चित्रपटातील सावत्र आईचा थंड, मोजून मापून बोलणारा आवाजही तिचाच होता. या आवाजात कोठेही घाई नाही. नामकरणाच्या समारंभात ती येते आणि निमंत्रण न मिळाल्याने आपण जरा व्यथित झालो असे अदबीने सांगते; तू कोणाला नकोच होतीस, असे तिघी भल्या पऱ्यांपैकी एक फटकळपणे बोलून जाते; त्यावर आपण गैरसमजाने आलो असे म्हणून ती परत फिरण्याचे नाटकही करते. राणी तिला विचारते, आपण रागावला नाहीत ना? आणि मुळीच नाही असे सांगून ती नजराण्यादाखल मृत्यूचा शाप देते. या साऱ्या प्रसंगात क्रोधाचा उद्रेक नाही. अपमानाचे अत्यंत शिष्ट, अत्यंत नियंत्रित असे रूपांतर आहे, आणि मानी मनुष्य आपली दुखापत दुसऱ्याच्या नजरेस न पडू देण्यासाठी जे सौजन्य पांघरतो त्याचे इतके अचूक चित्रण मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

या चित्रपटातील मॅलेफिसंटला मन नाही, ती शुद्ध दुष्टतेची मूर्ती आहे, असे पुष्कळ समीक्षक लिहून गेले. त्यांनी दोन ठिकाणे नीट पाहिलेली नाहीत. भल्या पऱ्यांपैकी फॉना नावाची सौम्य परी एकदा असे सुचविते की, मॅलेफिसंटला प्रेम, दया किंवा दुसऱ्याला साहाय्य करण्याचा आनंद यांतले काहीच ठाऊक नाही, आणि ती फारशी सुखी असेल असे वाटत नाही; तिच्या दोघी सोबतिणी या बोलण्याकडे लक्ष देत नाहीत आणि चित्रपटही देत नाही, परंतु ते बोलले गेले आहे. दुसरे ठिकाण त्याहून महत्त्वाचे. सोळा वर्षे तिचे अनुचर राजकन्येचा शोध करीत आहेत, आणि अखेर उघडकीस येते की ते मूर्ख इतकी वर्षे पाळण्यातले मूलच शोधीत होते. ती प्रथम हसते, मग विजा सोडते, आणि आपल्या बरोबरीचे बोलावे असे कोणी नसल्याने आपले दुःख डोमकावळ्याला सांगते. पुढे राजपुत्राला अंधारकोठडीत घालून, शंभर वर्षांनी जर्जर झाल्यावर तुला सोडीन असे रसभरीत चित्र त्याच्यापुढे रंगविल्यानंतर ती म्हणते की, सोळा वर्षांत प्रथमच आज आपल्याला स्वस्थ झोप लागेल. दुसऱ्याच्या मुलीला निद्रेचा शाप भोगावयास लावणारी ही स्त्री त्या साऱ्या मुदतीत स्वतः झोपलेली नाही. मत्सर करणाऱ्याला मत्सरातून सुख मिळत नाही, तो ज्याचा हेवा करतो त्याच्याशीच जखडला जातो, हे क्लाइनने १९५७ साली असूया आणि कृतज्ञता यांवरील आपल्या निबंधात मांडलेले तत्त्व त्याच सुमारास पडद्यावर उभे राहत होते. मात्र या चित्रपटाला तिच्यासाठी दुसरी वाट दिसत नाही. ती स्वतः अजगरासारख्या अग्निमुखी राक्षसाचे रूप घेते आणि तलवारीने मरते.

यानंतरच्या काळात परीकथांतील इतर दुष्ट स्त्रियांनाही चित्रपटाने अंतरंग देऊ केले. त्या सगळ्यांची नोंद येथे घेणे शक्य नाही, पण काहींचा विचार केल्यावाचून तुलना पुरी होणार नाही. १९३७ च्या हिमगौरीतील राणी सौंदर्याच्या स्पर्धेत जिंकण्यासाठी स्वतःच कुरूप म्हातारी होते, म्हणजे जे राखावयाचे त्याचाच बळी देते. ही विसंगती चित्रपटाने दाखविली, समजावली नाही, आणि म्हणून ती अजूनही ताजी आहे. १९९७ च्या भयपटात सिगर्नी वीव्हरने केलेल्या सावत्र आईला मृत अर्भकाचे दुःख दिले गेले, आणि पहिल्या निम्म्या भागात ते खरे वाटते. २०१२ साली शार्लीझ थेरॉनने रंगविलेल्या रॅव्हेना राणीला तर बालपणीचे अपहरण, आईचा मंत्र, पुरुषांविषयीचा सूड असा सगळा सरंजाम पुरविला, तरीही ती मला केवळ ओरडणारी बाई वाटली, कारण तिचे भूतकाळातील दुःख तिच्या वर्तमानातील एकाही निर्णयाला वेगळे वळण देत नाही. याच्या अगदी उलट, त्याच वर्षी स्पेनच्या पाब्लो बेर्खेरने सेव्हिलच्या बैलझुंजींच्या पार्श्वभूमीवर केलेल्या कृष्णधवल मूकपटात मारिबेल व्हेर्दूच्या सावत्र आईला कसलाच पूर्वेतिहास नाही, आणि तरी पंगू नवऱ्याच्या खुर्चीमागे उभी असलेली ती परिचारिका आपल्या लोभासकट जिवंत आहे. २०१५ च्या सिंड्रेलात केट ब्लँचेटची सावत्र आई स्वतःची हकीकत एखाद्या गोष्टीसारखी सांगते, आणि तू इतकी निर्दय का असे मुलीने विचारल्यावर, तू तरुण, निष्पाप, चांगली आहेस आणि मी… असे म्हणून थांबते. असूयेचे स्वरूप या अर्धवट वाक्यात पूर्णपणे आले आहे: दुसऱ्याचे चांगलेपण हाच अपराध.

आता मुख्य प्रकरण. रॉबर्ट स्ट्रॉमबर्गने दिग्दर्शित केलेला आणि लिंडा वूल्व्हर्टनने लिहिलेला, मॅलेफिसंटचेच नाव असलेला २०१४ चा चित्रपट, अँजेलिना जोलीच्या भूमिकेसह, कथेची तक्रार खालच्या बाजूने मांडतो. मॅलेफिसंट ही मूर्स नावाच्या रानातली पंखवती परी. स्टेफन हा अनाथ, महत्त्वाकांक्षी मुलगा तिचा बालमित्र, पुढे प्रियकर. मरणोन्मुख राजाने तिच्या वधासाठी गादीचे आमिष दाखविताच तो तिच्याकडे येतो, तिला गुंगीचे पेय पाजतो, मारण्याचे धैर्य होत नाही म्हणून ती झोपेत असता लोखंडी साखळीने तिचे पंख छाटतो आणि ते दाखवून राज्य मिळवितो. हा प्रसंग बलात्काराचे रूपक म्हणून आपण आणि लेखिकेने जाणीवपूर्वक रचला, असे जोलीने बीबीसीच्या मुलाखतीत सांगितले. तालियाच्या झोपेत घडलेला, सतराव्या शतकाने ज्याची दाद घेतली नाही असा अत्याचार येथे परत आला आहे. फरक इतकाच, पण केवढा मोठा, की तो आता शापित मुलीवर न होता शाप देणारीवर झाला आहे आणि त्याला अपराध म्हटले गेले आहे. पहाटे शुद्धीवर येऊन पाठीकडे हात नेताना जोलीने जो आक्रोश केला आहे, त्यापुढे मला चित्रपटातील सर्व यांत्रिक चमत्कार फिके वाटतात.

तरीही मी या जखमेला चित्रपटाचे मर्म मानीत नाही. जखम हे कारण झाले, स्वभाव नव्हे. खरे मानसशास्त्र सुरू होते ते नामकरणाच्या प्रसंगापासून, जो या चित्रपटाने १९५९ च्या संवादांच्या अगदी जवळ राहून, बराचसा जसाच्या तसा, पुन्हा उभा केला आहे. तेच शब्द आता वेगळे ऐकू येतात. आमंत्रणाची तक्रार ही आता केवळ निमित्त आहे. दरबारात दोघांनाच ठाऊक असलेली फिर्याद तिच्याखाली दबलेली आहे, आणि स्टेफनने गुडघे टेकून याचना करावी हे तिला हवे आहे. तो याचना करतो. मग ती शापाला एक अपवाद जोडते: खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने मुलगी जागी होईल. मॅलेफिसंटच्या सोळाव्या वाढदिवशी स्टेफनने तिला असेच चुंबन देऊन तेच नाव दिले होते, आणि असे प्रेम जगात नाही याची आता तिला खात्री आहे. म्हणून हा अपवाद वस्तुतः क्रूरतेचा कळस आहे. परंतु पेरोकडे, ग्रिमकडे, १९५९ च्या चित्रपटाकडे पाहा: तेथे शाप देणारी एक आणि तो सौम्य करणारी दुसरी. पडद्यामागे लपलेली तरुण परी, बारावी शहाणी स्त्री, ही दुसरी नेहमीच वेगळी असे. २०१४ साली प्रथमच शाप आणि त्याचा उतारा एकाच मुखातून निघाले. तीनशे वर्षे दोन देहांत वाटलेले मन एकत्र आले ते येथे, आणि तेही तिच्या नकळत, द्वेषाच्या वेषात.

पुढची सोळा वर्षे हा चित्रपटाचा सर्वांत समृद्ध भाग आहे. तिघी पऱ्यांना मूल सांभाळता येत नाही. उपाशी राहिलेल्या मुलीला दूध पोचविण्याची तजवीज मॅलेफिसंट कावळ्यापासून माणूस केलेल्या डायव्हलकडून करविते, आणि त्याच वेळी पाळण्यावर वाकून, तुझा मला तिटकारा आहे, असे त्या अर्भकाला सांगते. तिरस्काराच्या निमित्ताने ती तिच्याजवळ राहते. पाळत ठेवणे हळूहळू राखण होते, आणि राखण हळूहळू माया होते. कोणत्याही एका प्रसंगावर बोट ठेवून येथे ती बदलली असे म्हणता येणार नाही, आणि स्वभावाचे बदल असेच होतात. मोठी झालेली ऑरोरा अंधारातील तिला भिण्याऐवजी, लहानपणापासून आपल्या मागे असलेली सावली म्हणून ओळखते आणि तिला आपली रक्षक परी समजते. ज्या सावलीला युंगच्या अनुयायांनी मनाचा नाकारलेला भाग म्हटले, तिला मुलीने नुसते नाव दिले, आणि सावलीला उजेडात यावे लागले.

यानंतर तो प्रसंग येतो ज्यासाठी मी हा चित्रपट पुनःपुन्हा पाहिला आहे. ऑरोरा झोपलेली असता मॅलेफिसंट तिच्या शेजारी उभी राहून आपला शाप मागे घेण्याचा प्रयत्न करते, पुन्हा करते, सगळी शक्ती पणाला लावते, आणि तिच्याच आवाजातील जुने शब्द परत येऊन तिला सांगतात की, पृथ्वीवरील कोणतीही सत्ता हा शाप मोडू शकणार नाही. ते कलम तिनेच घातले होते. क्रोधाच्या क्षणी मनुष्य जे करतो ते त्याच्या पश्चात्तापाच्या आज्ञेत राहत नाही, हे सत्य परीकथेच्या यंत्रणेतून इतक्या नेमकेपणाने मांडता येईल असे मला वाटले नव्हते. स्टेफनने तिच्यावर अन्याय केला म्हणून ती येथे निर्दोष ठरत नाही. जखम स्टेफनची, शाप तिचा. अखेरीस राजपुत्राच्या चुंबनाने काहीच होत नाही आणि मॅलेफिसंट झोपलेल्या मुलीजवळ येते, तेव्हा ती क्षमा मागत नाही. आपण केले ते क्षम्य नाही, द्वेषात आणि सूडात आपण हरवलो होतो, एवढेच ती सांगते आणि तिच्या कपाळाचे चुंबन घेते. क्लाइनने ज्याला भरपाईची ओढ म्हटले ती येथे क्षमेच्या आशेवाचून प्रकट होते. मुलगी जागी होते ती यामुळेच.

खलपात्राला असे न्याय देण्याची प्रवृत्ती आधुनिक काळाचे दौर्बल्य आहे, वाईटाला वाईट म्हणण्याचे धैर्य आपण गमावले आहे, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो मला मान्य नाही, निदान त्याचा कालविषयक भाग तरी नाही. भासाच्या प्रतिमानाटकात कैकेयी आपल्या वराचा खुलासा करते, अंध मुनीच्या शापाचा निर्देश करते आणि चौदा दिवस म्हणावयाचे ते मनाच्या क्षोभात चौदा वर्षे म्हणून गेले असे सांगते. त्याच्याच ऊरुभंगात मांड्या मोडून पडलेला दुर्योधन करुणेचा विषय होतो. मात्र या दोन नाटकांतील भेद आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. कैकेयीचा खुलासा तिच्या कृत्याचा काटा काढून टाकतो, आणि तेवढ्या प्रमाणात ती पात्र म्हणून निस्तेज होते. दुर्योधनाचा अपराध कोणी पुसत नाही, तो त्या अपराधासह मोठा होतो. खलपात्रांच्या अलीकडील पुनर्लेखनांची परीक्षा याच कसोटीवर करावी लागेल. ओझच्या पश्चिमेकडील चेटकिणीला न्याय देणारी ग्रेगरी मग्वायरची १९९५ ची कादंबरी, तिच्यावरून झालेले संगीतनाटक आणि २०२४ पासूनचे चित्रपट हे कैकेयीच्या मार्गाने जातात: ती वाईट नव्हतीच, तिची बदनामी झाली. मॅलेफिसंट, तिच्या सर्वोत्तम क्षणी, दुर्योधनाच्या मार्गाने जाते.

तिच्या सर्वोत्तम क्षणी, असे मी म्हणतो, कारण त्या चित्रपटालाही सर्वत्र हे साधलेले नाही. १९५९ साली ती स्वतः अग्निमुखी राक्षस झाली होती. २०१४ साली ती डायव्हलला ते रूप देते आणि स्वतः स्वच्छ राहते, म्हणजे तिचा क्रोध दुसऱ्याच्या देहात ठेवून दिला जातो. फॉनासारखी, शत्रूच्या दुःखाचा विचार करणारी एक तरी परी ज्या तिघींत होती, त्या तिघींना आता निव्वळ भांडखोर आणि निर्बुद्ध केले आहे, जेणेकरून मातृत्वाचा सारा मान एकीलाच मिळावा. आणि स्टेफन? पहिल्या भागात त्याचे अंतर्द्वंद्व खरे आहे. मारण्यासाठी उचललेली सुरी तो खाली ठेवतो. पुढे तो राजा होतो, छाटलेले पंख काचेच्या पेटीत ठेवतो, आणि पत्नी मरणाच्या दारी असता तिच्याकडे न जाता त्या पंखांशी वाद घालीत बसतो. अपराधभाव ज्याला सहन होत नाही तो अपराधाच्या साक्षीदारालाच शत्रू मानू लागतो, याचे हे विलक्षण चित्र आहे. १९५९ च्या मॅलेफिसंटची निद्रानाशी एकाग्रता जशीच्या तशी त्याच्याकडे वारशाने आली आहे. परंतु चित्रपट ते दोन-तीन प्रसंगांत आटोपतो आणि त्याला बुरुजावरून खाली पाडून मोकळा होतो. एकीचे विभाजन मिटविण्यासाठी दुसऱ्याला संपूर्ण काळे करावे लागले.

पाच वर्षांनी आलेल्या दुसऱ्या भागात ही उणीव उघडी पडली. मॅलेफिसंट आता वाईट राहिली नव्हती आणि कथेला वाईट कोणीतरी हवे होते. म्हणून मिशेल फायफरची इंग्रिथ राणी आणली गेली. ती शापाच्या जुन्या चातीचा उपयोग आपल्या नवऱ्याला निद्रेत लोटण्यासाठी करते, आणि मॅलेफिसंटच्या दुष्टपणाची गोष्ट राज्यभर पसरविते. परीकथाच येथे राज्यकारभाराचे हत्यार झाली आहे, आणि ही कल्पना पहिल्या भागातील कोणत्याही कल्पनेइतकी मोलाची होती. परंतु तिच्या बालपणीच्या दैन्याची हकीकत काही वाक्यांत उरकून चित्रपट तिचे बोकडात रूपांतर करतो आणि प्रेक्षकांना हसावयास सांगतो. स्टेफन आणि इंग्रिथ या दोघांच्याही हातून जे घडले ते मॅलेफिसंटच्या शापाहून अधिक भयंकर असेल. पण आपल्या कृत्यासमोर एकटे उभे राहण्याची जी एक रात्र तिला मिळाली, ती या दोघांना दिग्दर्शकांनी दिली नाही, आणि म्हणून तिच्या शेजारी ते दोघेही पेरोच्या आठव्या परीइतकेच अपुरे राहिले आहेत.